शिलोहाचा बुरूज आणि गवंड्याचा ओळंबा

आमच्या शब्बाथ शाळेत एका रविवारी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पाठ चालला होता. सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या निर्मितीपर्यंत आम्ही आलो, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, देठ सुटला की पेरू खाली पडतो. चंद्राला तर देठसुद्धा नाही. मग तो का पडत नाही?"

माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंनी लगेच सांगितले, "देवानं त्याला धरून ठेवलंय, बाळ." हे उत्तर भक्तीचे होते, परंतु मुलीच्या चेहऱ्यावरून तिचे समाधान झालेले दिसेना. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविलेला माणूस. मला राहवले नाही. मी म्हणालो, "चंद्र पडत नाही असं तुला कुणी सांगितलं? तो पडतोच आहे. आत्ता, या क्षणीसुद्धा." सगळा वर्ग हसला. मग फळ्यावर आकृती काढून मी अर्धा तास समजावून दिले. मुलगी खूश झाली, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःवर खूश झालो.

दोन महिन्यांनी त्याच मुलीने मला दुसरा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला देता आले नाही. त्यानंतर बरेच दिवस विचार केल्यावर हे दोन्ही प्रश्न एकाच घरचे आहेत असे माझ्या ध्यानात आले. म्हणून हा लेख लिहीत आहे. वाचकांनी पहिल्या प्रश्नापासून माझ्याबरोबर यावे, म्हणजे दुसऱ्याचे मर्म कळेल.

चंद्र पडतोच आहे

एका उंच डोंगराच्या माथ्यावर तोफ ठेवली आहे आणि तिचे तोंड अगदी आडवे, क्षितिजाकडे आहे अशी कल्पना करा. हवेचा अडथळा क्षणभर विसरा. गोळा उडविला की तो थोडा पुढे जाऊन जमिनीवर पडेल. दारू अधिक भरली तर आणखी पुढे जाऊन पडेल. परंतु पृथ्वी सपाट नाही, ती गोल आहे. गोळा खाली येत असताना त्याच्या पायाखालची जमीनही वळून खाली जात असते. पृथ्वीचा गोलावा असा आहे की, आडव्या रेषेत सुमारे आठ किलोमीटर गेल्यावर जमीन त्या रेषेच्या जवळजवळ पाच मीटर खाली गेलेली असते. सुटी सोडलेली वस्तूही पहिल्या सेकंदात तितकीच, म्हणजे ४.९ मीटर खाली येते. तेव्हा गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर असेल तर काय होईल? तो एका सेकंदात जितका खाली पडेल, तितकीच जमीनही त्याच्याखालून वळून जाईल. तो पडत राहील, पण जमिनीवर कधीच आदळणार नाही. पृथ्वीला प्रदक्षिणा घालून तो पुन्हा तोफेपाशी येईल.

हा दृष्टांत माझा नव्हे. तो सर आयझॅक न्यूटन यांचा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १७२८ साली छापलेल्या एका पुस्तकात तो सापडतो. तोफेच्या जागी अग्निबाण आला, एवढाच फरक झाला. १९७५ साली आपल्या देशाचा 'आर्यभट' उपग्रह आकाशात फिरू लागला तो याच नियमाने, आणि १९८४ साली राकेश शर्मा यांनी पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घातल्या त्याही याच नियमाने. अंतराळवीर यानात तरंगतात ते तेथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. जमिनीपासून चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ इथल्या ओढीच्या सुमारे नऊ दशांश असतेच. यान आणि माणूस दोघेही सारख्याच गतीने पडत असतात, म्हणून माणसाचे पाय यानाच्या तळावर दाबले जात नाहीत, इतकेच.

चंद्राचेही असेच आहे. तो आपल्यापासून सरासरी ३ लक्ष ८४ हजार किलोमीटर दूर आहे. म्हणजे पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या साठपट. न्यूटनने असा विचार केला की, अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते आणि तिप्पट झाले की नवमांश होते. मग साठपट अंतरावर ती छत्तीसशेवा हिस्सा झाली पाहिजे. ४.९ मीटरचा छत्तीसशेवा हिस्सा म्हणजे दीड मिलिमीटरहूनही थोडे कमी. आता चंद्राच्या भ्रमणाचा काळ आणि अंतर घेऊन हिशेब केला, तर तो सरळ रेषेतून दर सेकंदाला पृथ्वीकडे किती कलतो? तितकाच! हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगता येते. झाडावरचे फळ पहिल्या सेकंदात जेवढे खाली येते, तेवढाच चंद्र पहिल्या मिनिटात पृथ्वीकडे येतो. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात न्यूटनने ही ताडजोड मांडली आहे. माझ्या मते मानवी बुद्धीने केलेल्या सर्वांत सुंदर हिशेबांपैकी हा एक आहे.

वर आणि खाली एकच कायदा

यात एवढे विशेष काय, असे आज आपल्याला वाटेल. परंतु न्यूटनच्या आधी सुमारे दोन हजार वर्षे विद्वानांची समजूत अशी होती की आकाशाचा कायदा निराळा आणि पृथ्वीचा निराळा. ॲरिस्टॉटलच्या मते दगड खाली येतो तो आपल्या स्वाभाविक स्थानाकडे जाण्यासाठी, जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते, आणि ग्रहतारे मात्र निर्दोष वर्तुळात फिरतात, कारण ते श्रेष्ठ द्रव्याचे बनलेले आहेत. जणू वरच्या मजल्यावर राजघराण्याला एक न्याय आणि खाली रयतेला दुसरा!

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त एक मार्मिक विचार मांडला आहे. पृथ्वीला कोणाचा आधार मानला, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल आणि ही माळ कधीच संपणार नाही. जड वस्तूंना पृथ्वी आपल्या शक्तीने स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडतात असे आपल्याला दिसते. पण चोहोकडे सारखेच आकाश असताना पृथ्वी स्वतः पडणार तरी कोठे? हा प्रश्न आमच्या शब्बाथ शाळेतील मुलीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. मात्र त्या ओढीचे माप काढून तीच ओढ चंद्रापर्यंत आणि सूर्यमालेच्या टोकापर्यंत पोहोचते हे दाखविण्याचे काम पुढे न्यूटनच्या हातून झाले.

जड आणि हलके यांतील भेद गॅलिलिओने आधीच मोडला होता. उतरत्या फळीवरून गोळे सोडून त्याने त्यांच्या गतीचे माप घेतले आणि १६३८ साली ते प्रसिद्ध केले. हवेचा अडथळा नसेल तर सर्व वस्तू सारख्याच पडतात. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ मधील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकदम सोडले. तेथे हवा नाही. दोन्ही एकाच वेळी चंद्राच्या धुळीवर पडली. हातोड्याला मान नाही, पिसाला सवलत नाही.

या शोधाने माणसाच्या मनावरचे एक मोठे भयही उतरविले. धूमकेतू दिसला की राजा मरणार, पटकी येणार, देवाचा कोप झाला, असे पूर्वेकडे आणि पश्चिमेकडेही मानीत. एडमंड हॅली यांनी न्यूटनचे नियम लावून पाहिले आणि १५३१, १६०७ व १६८२ साली दिसलेले तीन धूमकेतू वस्तुतः एकच असून तो १७५८च्या सुमारास परत येईल असे भाकीत १७०५ साली केले. हॅली १७४२ साली वारले. १७५८च्या डिसेंबरात, नाताळाच्या रात्री, जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळ राहणाऱ्या योहान पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला तो धूमकेतू प्रथम दिसला. ज्याला लोक शिक्षेचा दूत समजत होते, तो नियम पाळणारा एक नित्याचा प्रवासी निघाला. १९८६ साली तो येऊन गेला, आणि २०६१ साली पुन्हा येईल.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. नियम एक, सर्वांना सारखा, आणि भरवशाचा. निर्माणकर्त्याची स्तुती करावी असेच हे सारे आहे. परंतु हाच नियम आपल्या दारात येतो, तेव्हा काय?

दुसरा प्रश्न

त्या वर्षी आमच्याकडे श्रावणात आठ दिवस सारखी झड लागली होती. आमच्या बेळगावकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे, त्यांना अधिक सांगायला नको. आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी दुपारी घरामागच्या कट्ट्यावर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मागची जुनी, दगडमातीची भिंत एकाएकी ढासळली. लोक धावले, माती उपसली, पण उपयोग झाला नाही. त्या मुलीची ती आजी होती.

मयतीला आलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली. "त्यांच्या धाकट्यानं मंडळीबाहेर लग्न केलं ना!" "घरात कौटुंबिक प्रार्थना बंद झाली होती म्हणतात." एक गृहस्थ तर म्हणाले, "देवाचा हात पडला." हे बोलणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांपैकी कितीतरी जण रात्रभर त्या घरी जागले, त्यांनीच चहा-भाकरी आणली. पण अघटित घडले की त्याला कारण लागते, आणि पाप हे कारण सर्वांत जवळचे असते, विशेषतः ते दुसऱ्याचे असले म्हणजे.

मला प्रार्थना करावयास सांगण्यात आले. मी डोळे मिटून म्हणालो, "प्रभू, तुझी इच्छा झाली." सर्वांनी "आमेन" म्हटले.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या घराच्या पायरीवर येऊन बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाला होता, पडायचा नियम सगळ्यांना सारखा. मग आजीनं काय केलं होतं?"

तिने माझ्याच दोन वाक्यांना एकमेकांसमोर उभे केले होते. फळ्यापाशी मी म्हणालो होतो की पडणारी वस्तू कोणाचे तोंड पाहत नाही. मयतीच्या घरी माझ्या प्रार्थनेचा अर्थ असा निघत होता की भिंत तिच्या आजीचे तोंड पाहून पडली. यांपैकी एक वाक्य मला मागे घ्यावे लागणार होते.

शिलोहाचे अठरा

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने आपण होऊन अशाच एका घटनेचा उल्लेख केला आहे. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली होती. ती नगरातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न प्रभूने केला आणि उत्तरही स्वतःच दिले. ते उत्तर 'नाही' असे आहे. आडपडदा न ठेवता, स्पष्ट नाही. ईयोबाच्या मित्रांना जे सबंध ग्रंथभर उमगले नाही, ते येथे एका शब्दात सांगितले आहे.

मी हा उतारा कितीदा वाचला होता, त्यावर बोललोही होतो. पण त्या अठरा जणांच्या जागी ओळखीचे नाव आले, तेव्हा मला तो आठवला नाही.

कोणी म्हणेल, प्रभूने तेथेच थांबून दिले नाही. पश्चात्ताप न कराल तर तुम्हा सर्वांचाही असाच नाश होईल, असे त्याने पुढे म्हटले आहे. हे खरे आहे आणि ते वगळता येणार नाही. परंतु त्या वचनाचे तोंड कोणाकडे आहे ते पाहा. मेलेल्यांचा हिशेब मांडीत बसलेल्या जिवंत माणसांकडे ते वळले आहे. ढिगाऱ्याखाली कोणाचे पाप सापडते ते शोधू नका, उभे आहात त्यांनी स्वतःकडे पाहा, असा त्याचा रोख आहे.

मी स्वतःकडे पाहिले. तेव्हा मला जे आठवले, ते लिहिणे सोपे नाही. ती भिंत मी रोज पाहत होतो. मंदिराकडे जाण्याची माझी वाट त्याच बोळातून जाते. दोन वर्षांपासून त्या भिंतीला पोट आले होते. खालच्या दगडांतली माती पावसाने धुपून गेली होती. मला ते दिसत होते. मी विज्ञानाचा शिक्षक, गुरुत्वमध्य तळाच्या बाहेर गेला की वस्तू कोलमडते, हे मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतले होते. परंतु भिंत दोन घरांच्या सामाईक मालकीची, त्यांचा जुना तंटा, आपण मध्ये कशाला पडा, असे म्हणून मी पुढे जात राहिलो. माझ्यासारखे आणखी कितीतरी जण त्या बोळातून जात होते. त्यांपैकी कित्येक जण मयतीच्या घरी बसून देवाच्या हाताविषयी बोलत होते, आणि मी त्यांच्या वतीने प्रार्थना करीत होतो.

"देवाची इच्छा" हे पवित्र शब्द आहेत. गेथशेमाने बागेत ते उच्चारले गेले आहेत. पण तेथे उच्चारणाऱ्याने स्वतःचा प्याला हातात घेतला होता. दुसऱ्याच्या मरणावर आणि आपल्या आळसावर पांघरूण घालण्यासाठी ते शब्द वापरणे हे देवाचे नाव व्यर्थ घेण्यासारखे नव्हे काय?

ओळंबा कोणाचा सोयरा नाही

पाऊस थांबल्यावर भिंत नव्याने बांधावयास गवंडी आला. मी तेथे उभा होतो. त्याने पाया घेतला, दोन थर चढविले आणि ओळंबा सोडला. दोरी क्षणभर हेलकावली आणि स्थिर झाली. त्याने एक डोळा मिटून पाहिले आणि नुकताच बसविलेला दगड काढून टाकला. मला तो दगड चांगला दिसत होता, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "मास्तर, डोळा खोटं बोलतोय, ओळंबा बोलत न्हाई. ह्यो कुणाचा सोयरा न्हवं."

त्याचे ते वाक्य मी घरी घेऊन आलो. ओळंबा म्हणजे काय? दोरीला बांधलेले एक वजन. त्याला सरळ कोण करते? तीच ओढ, जिने भिंत पाडली. ज्या नियमाने आजी गेली, तोच नियम दोन वर्षे आधीपासून त्या बोळात उभा राहून सांगत होता की ही भिंत ओळंब्यात नाही. तो लपून बसला नव्हता. आम्ही दोरी सोडून पाहिली नाही.

नियम कोणाचे तोंड पाहत नाही म्हणून तो निर्दय आहे, असे आपल्याला दुःखाच्या भरात वाटते. उलट जग कसे असेल याची कल्पना करून पाहा. सज्जनांवर दगड पडत नाहीत आणि दुर्जनांवरच पडतात, असे जग असते तर? ज्याच्यावर दगड पडला तो दुर्जन, हे आपोआप सिद्ध झाले असते. जखमी माणसाला उचलावयास कोणी गेले नसते. आईने मुलाला विहिरीच्या काठावरून ओढून घेतले नसते. मूल निष्पाप आहे, ते कसे पडेल? कोणत्याही गवंड्याला ओळंब्याचा भरवसा धरता आला नसता, कारण घरमालकाच्या पुण्याईप्रमाणे दोरी कलली असती. काळजी, कौशल्य आणि दया यांना त्या जगात कामच उरले नसते. नियम सर्वांना सारखा आहे, म्हणूनच एकमेकांना सांभाळण्याला अर्थ आहे.

पवित्र शास्त्रात या विषयावर एक अगदी साधी आज्ञा आहे, जिच्यावर उपदेश क्वचितच होतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असे सांगितले आहे. पडणाऱ्याने कोणते पाप केले याची चौकशी तेथे नाही. तो झोपेत होता की बेसावध होता, हेही विचारलेले नाही. दोष आहे तो कठडा न बांधणाऱ्याचा. वस्तू खाली पडतात हे देवाने ठरविले. कठडा कोणी बांधावा, हे त्याने आपल्याकडे सोपविले.

सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून खाली उडी टाकावयास सांगितले, तेव्हाही प्रश्न हाच होता. तू देवाचा पुत्र ना, मग हा नियम तुला कशाला? प्रभूने ती सवलत नाकारली. तो पाण्यावरून चालला हे आपण मानतो. पण तेथेही त्याचा हात पुढे झाला तो बुडणाऱ्या पेत्राकडे. स्वतःपुरता नियम बाजूला व्हावा, असे त्याने मागितले नाही. मग "मी विश्वासी आहे, माझी भिंत पडणार नाही" असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

अलीकडची एक गोष्ट सर्वांच्या स्मरणात असेल. ७ सप्टेंबर २०१९ रोजी, मध्यरात्रीनंतर, चांद्रयान-२ चा 'विक्रम' चंद्रावर उतरताना संपर्क तुटला आणि तो आदळला. सारा देश हळहळला. चंद्राच्या ओढीने आपल्या कष्टांची कदर केली नाही. शास्त्रज्ञांनी काय केले? कोठे चुकले ते शोधले, पाय बळकट केले, इंधन वाढविले, वेग मोजणारी उपकरणे सुधारली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ त्याच चंद्रावर अलगद उतरले. चार वर्षांत चंद्राचा स्वभाव बदलला नव्हता. तो बदलणार नाही या भरवशावरच तर सगळी तयारी झाली होती.

जे उरते

एवढे म्हटल्यावरही सर्व प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. त्याच दुपारी, त्याच घटकेला त्या तेथेच का बसल्या होत्या? भिंत रात्री का पडली नाही? नियम भिंत का पडली ते सांगतो. तिच्याखाली त्याच का होत्या, याचे उत्तर त्याच्याजवळ नाही.

याबाबतीत खुद्द न्यूटनपासून काही शिकण्यासारखे आहे. रिचर्ड बेंटली या तरुण धर्मोपदेशकाने १६९२ साली श्रद्धेच्या समर्थनार्थ व्याख्याने दिली आणि त्यासाठी न्यूटनला पत्रे लिहून विचारले. न्यूटनने त्याला चार पत्रांनी उत्तर दिले. जड वस्तूने मध्ये काहीही नसताना दूरच्या वस्तूला ओढावे, हा जडाचा अंगभूत गुण आहे असे माझे मत समजू नका, ते मला असंभाव्य वाटते, अशा आशयाचे त्याने लिहिले. ती ओढ घडविणारे कारण जड आहे की अजड, हे त्याने वाचकांच्या विचारावर सोपविले. पुढे १७१३ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने उघड म्हटले की, या ओढीचे कारण मला सापडलेले नाही आणि मी कल्पना रचीत नाही. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी याहून खोल गणित मांडले, जड वस्तूंमुळे अवकाश व काल स्वतःच वाकतात असे दाखविले; त्याने बुधाच्या कक्षेतील जुने कोडे सुटले. तरी 'असे का असावे' हा प्रश्न एक पायरी मागे सरकला, इतकेच.

ज्याने चंद्राचा हिशेब मांडला, तो जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे लिहू शकला. आणि आम्ही, ज्यांना एका भिंतीचा हिशेब मांडता आला नाही, देवाच्या मनातील हेतू मयतीच्या घरी बसून सांगत होतो!

प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस येथील युतुख नावाच्या तरुणाची हकीकत आहे. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले. खिडकीत बसलेल्या युतुखाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उपदेशात झोपणाऱ्याला चांगली शिक्षा झाली असे म्हणण्याची केवढी संधी होती! पौल तसे काही बोलला नाही. तो खाली उतरला आणि त्याने त्याला कवेत घेतले. आमच्या घरी मात्र युतुख उठून बसला, तसे घडले नाही. पण खाली उतरून कवेत घेणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती असते.

मी त्या मुलीकडे गेलो. तिचे वडील ओटीवर बसले होते, त्यांच्यासमोरच तिला म्हणालो, "बाळ, आजीनं काहीही केलं नव्हतं. भिंत कुणाचं पाप बघून पडत नाही. भिंत कच्ची झाली होती म्हणून पडली. ती कच्ची झालेली मला दिसत होती आणि मी बोललो नाही. माझी प्रार्थना चुकली. तुमची क्षमा मागायला आलोय." वडील काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी आत हाक मारून चहा ठेवावयास सांगितले.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतील चार-पाच जण निघाले. बरोबर तो गवंडी आणि त्याचा ओळंबा. आमच्या आळीतील प्रत्येक जुन्या भिंतीला दोरी लावून पाहिली. ख्रिस्ती कुटुंबाची की इतरांची, हे विचारले नाही. तीन भिंती ओळंब्याबाहेर निघाल्या. दोन त्या हिवाळ्यात उतरवून पुन्हा बांधल्या. तिसऱ्या भिंतीचे मालक परगावी राहतात. त्यांना दोन पत्रे लिहिली आहेत, उत्तर नाही. तोवर आम्ही तेथे लाकडाचा टेकू दिला आहे, आणि तिच्या बाजूने कोणी बसू नये म्हणून ती मुलगी स्वतः लक्ष ठेवते.